देवगोईचा घाट आणि जीपचा ताप

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगी गाठायची आणि वाटेत एकदाही बॉनेट उघडायचं नाही, ही जुन्या जीपची खरी परीक्षा. काटा लाल रेघेकडे सरकला की गाडीतले सगळे गप्प. मग सूंऽऽ करत वाफ, चाकाखाली दगड आणि पाण्याचा कॅन घेऊन कुणीतरी नाल्याकडे पळालेलं. यावर इलाज म्हणून नवा रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवायचा विचार असेल, तर खिशात हात घालण्याआधी थोडी माहिती घ्या.

रुपयाचं इंधन जाळलं तर साधारण पाच आणे चाकाला मिळतात, पाच आणे सायलेन्सरवाटे धूर होतात आणि पाच आणे रेडिएटरच्या पाण्यात उतरतात. उरलेला आणा इकडेतिकडे. म्हणजे गाडीला पुढे ढकलायला जेवढं लागतं, जवळपास तेवढंच तिला थंड ठेवताना वाऱ्यावर जातं!

रेडिएटर हे नावही फसवं. किरणांनी उष्णता फेकणारा, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता वाराच घेऊन जातो. आपले मेकॅनिक ‘जाळी’ म्हणतात, तेच खरं. मधमाशांच्या पोळ्यासारखी ही जाळी विल्हेल्म मायबाखनं १९०० साली पहिल्या मर्सिडीजसाठी केली. त्यात ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. त्यापुढे फोर्डची मॉडेल टी साधी. सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. गरम पाणी आपोआप वर जायचं, गार खाली यायचं. चुलीवरच्या पातेल्यात होतं तेच.

तांबं ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहतं. तरीही नवे रेडिएटर ॲल्युमिनियमचे. का? जुन्या जाळीत नळ्या पितळेच्या, पत्रे तांब्याचे आणि जोड शिसं-कथलाच्या डागाचे. तांब्याची हुशारी त्या डागातच अडते. ॲल्युमिनियम हलकं आणि कणखर, त्यामुळे नळ्या रुंद करता येतात. पण घाटात नळी फुटली तर तांब्या-पितळेच्या जाळीला गावातला माणूसही डाग मारून देतो. ॲल्युमिनियमपुढे तो हात जोडतो.

आता पंख्याची गोष्ट, आणि इथेच गंमत आहे. जुन्या जीपचा पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिन जेवढं फिरेल तेवढा तो. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं चढते, पण इंजिन बोंबलत असतं. म्हणजे पट्ट्याचा पंखा तेव्हा जोरातच असतो! विजेचा पंखा बाजी मारतो तो बाजारात, किंवा काठी गावच्या होळीला जमलेल्या गर्दीत, जिथे इंजिन मंद आणि गाडी मुंगीच्या पावलानं. ताशी ५०-६०च्या वर पळणाऱ्या गाडीला दोन्ही पंख्यांची फारशी गरज नसते, समोरचा वाराच पुरतो. तेव्हा तुमची जीप घाटातच उकळत असेल, तर आधी जाळी साफ करा. बोअरच्या पाण्याचा क्षार नळ्यांत दगडासारखा बसतो, बाहेरून चिखल आणि किडे. पाण्याची छागल पुढच्या जाळीवर टांगायची सवय असेल तर तीही हलवा. पाणी गार होतं, इंजिन तापतं.

एवढं करूनही पंखा बसवायचाच असेल तर हिशेब करा. २० अँपिअरचा पंखा १२ व्होल्टवर २४० वॅट खातो, म्हणजे दोन हेडलाइटांच्या दुप्पट. जुना डायनमो सगळा जोर लावून २०-२२ अँपिअर देतो आणि इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच नाही. पंखा हवा असतो नेमका तेव्हाच! म्हणून आधी अल्टरनेटर, मग रिले आणि फ्यूज, आणि शेवटी पंखा. काही जुन्या विलिस जीप तर ६ व्होल्टच्या, त्यांचा सगळा संसारच बदलावा लागतो.

पंखा जाळीच्या मागे, हवा ओढणारा लावा आणि भोवती पत्र्याचं आवरण करा. नाहीतर वारा फक्त गोल पात्यापुरताच. वायरी उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरून येणारा वाराच अडवतो. परीक्षा सोपी आहे: गाडी उभी ठेवून पंखा चालू करा आणि समोरून जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरा. चिकटून राहिलं तर बरोबर, फडफडून उडालं तर वायरी बदला.

विजेच्या पंख्याला एक गुण मात्र मानलाच पाहिजे. पावसाळ्यात नाला ओलांडताना तो बटणानं बंद करता येतो. पट्ट्याचा पंखा पाणी उडवून पेट्रोल गाडीचा डिस्ट्रिब्युटर भिजवतो. म्हणून खोल पाण्यात शिरण्याआधी पट्टाच ढिला करायची जुनी रीत.

झाकणाला कमी लेखू नका. रेडिएटर कॅपचा दाब अर्धा बार असला तरी पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशाला उकळतं. उलट तोरणमाळला, सुमारे १,१५० मीटरवर, उघडं पाणी ९६ अंशालाच उकळू लागतं. शंभराची नोट मोजण्याआधी कॅपचं रबर बघा. आणि गरम इंजिनावर कॅप उघडू नका, ओलं फडकं धरूनसुद्धा नाही.

गाडी पन्नाशीची असेल तर आणखी एक. २०२१च्या नियमानुसार ५० वर्षांवरच्या, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. तेव्हा नवं काहीही बसवताना बॉडीला भोकं पाडू नका, आणि काढलेला जुना पंखा, पट्टा, जाळी भंगारवाल्याला देऊ नका. गोणपाटात बांधून माळ्यावर टाका.