अँडीजच्या उंबरठ्यावर लक्ष्मी

एकादशीच्या दिवशी आपल्या घरात फराळाचे जे ताट वाढले जाते, त्याकडे एकदा नीट निरखून पाहावे. बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट आणि हिरवी मिरची, रताळ्याच्या गोड फोडी, शेवटी राजगिऱ्याचा लाडू. वऱ्याचे तांदूळ आणि दही बाजूला ठेवले, तर उरलेल्या जिनसांचे माहेर सातासमुद्रांपलीकडे अमेरिका खंडात आहे, हे ऐकून आपल्या आजीबाई कानांवर हात ठेवतील! ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंददेखील तिकडचाच. ‘बटाटा’ हा शब्द तर पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या तोंडी आला. आणि बटाट्याचे खरे जन्मस्थान म्हणजे दक्षिण अमेरिकेचा कणा असलेला अँडीज पर्वत.

ज्यांच्या परसातला जिन्नस आपल्या देवघरापर्यंत पोहोचला, ती माणसे आज कशी राहतात? त्यांच्या घरी दिवाळी कधी येते आणि दिवाळे कधी निघते? दिवाळीच्या निमित्ताने त्यांच्या उंबरठ्याशी थोडा वेळ उभे राहू या.

बारा हजार फुटांवरचा संसार

अँडीजची रांग सुमारे ७,००० किलोमीटर लांब असून ती व्हेनेझुएला, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना अशा सात देशांतून जाते. बोलिव्हियात या पर्वताच्या दोन रांगा एकमेकींपासून दूर होतात व त्यांच्यामध्ये एक प्रचंड पठार पसरलेले आहे. त्याला ‘आल्तिप्लानो’ म्हणतात. उंची सुमारे बारा हजार फूट. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. या पठाराच्या कडेवरचे एल आल्तो शहर ४,१०० मीटरांच्याही वर. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली आणि तिच्यावर आणखी अर्धी चढवली, की एल आल्तोतल्या बाईचे स्वयंपाकघर लागते! तिथे पाणी सुमारे ८७ अंशांवरच उकळते. त्यामुळे डाळ शिजता शिजत नाही.

अशा ठिकाणचे एक घर आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. म्हातारी आजी खेड्यात राहते. मुलगा, सून आणि नातवंडे एल आल्तोमध्ये असतात. एक मुलगी घरकामासाठी स्पेनला गेलेली आहे. हे कुटुंब कल्पित खरे, पण तशी घरे तिथे हजारोंनी आहेत.

आजीचे अर्थशास्त्र साधे आहे. जून महिन्यात, म्हणजे तिकडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात, ती बटाटे रात्री उघड्यावर पसरून ठेवते. रात्रीच्या थंडीने ते गोठतात. सकाळी उन्हाने मऊ पडले, की घरची माणसे ते अनवाणी पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि मग वाळवतात. काही दिवसांनी खड्यासारखा कडक, काळपट बटाटा तयार होतो. त्याचे नाव ‘चुन्यो’. तो वर्षानुवर्षे टिकतो. आपल्याकडे बायका उन्हाळ्यात कुरडया-सांडग्यांचे वाळवण घालतात. फरक इतकाच, की आपले वाळवण तोंडी लावण्यापुरते असते, तर आजीचे वाळवण दुष्काळात जीव वाचवणारे.

आजीची दुसरी ठेव म्हणजे ‘आयनी’. आज मी तुझ्या शेतावर राबायचे, उद्या तू माझ्या. आपल्याकडचे शेतकरी यालाच ‘सावड’ म्हणतात. तिसरी ठेव म्हणजे लामांचा कळप. ओझे वाहायला लामा, लोकरीला लामा, शेताला खतही लामाचेच. चुन्यो, आयनी आणि लामा ही आजीची बँक! तिच्यात व्याज नाही, पण ती बुडतही नाही.

चांदी गेली, कथील गेले

या पर्वताला तेजी-मंदी काही नवी नाही. १५४५ साली पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि पुढच्या शतकाच्या आरंभी त्या उजाड माळावर दीड लाखांवर वस्तीचे शहर उभे राहिले. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी गावोगावच्या पुरुषांना वेठीला धरून खाणीत उतरवले. अमेरिकेची ती चांदी जगभर फिरली. सुरतेच्या टांकसाळीत तिचे मोगली रुपये पडत. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या कनवटीला जो रुपया होता, त्यात पोतोसीच्या वेठबिगाऱ्याचा घाम असण्याचा संभव आहे.

चांदी ओसरल्यावर कथिलाचे दिवस आले. त्या धंद्यात सिमोन पातिन्यो नावाचा गृहस्थ जगातल्या गर्भश्रीमंतांच्या पंक्तीला जाऊन बसला. १९५२ च्या क्रांतीनंतर खाणी सरकारच्या झाल्या. पण खरा वज्राघात झाला तो १९८५ साली. महागाई वर्षाला हजारो टक्क्यांनी वाढत होती. बाजारात नोटांच्या चवडीच्या चवडी घेऊन जावे लागे. पुढे १९८७ साली नवे चलन आले, तेव्हा दहा लाख जुन्या पेसोंचा एक बोलिव्हियानो झाला! ज्या वर्षी महागाईने कहर केला, त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनचा कथिलाचा बाजार कोसळला. सरकारी खाणींतल्या वीस हजारांहून अधिक कामगारांना नारळ मिळाला. बायको, मुले आणि चार भांडी बरोबर घेऊन त्यांतले कित्येक निघाले ते एल आल्तोच्या माळावर येऊन उतरले.

माळावरचे शहर

ला पाझ ही बोलिव्हियाची कारभाराची राजधानी एका खोल दरीत आहे, आणि तिच्या काठावर एल आल्तो. खाली साहेब, वर चाकर, अशी जुनी मांडणी. आज एल आल्तोची वस्ती आठ लाखांवर गेली आहे. दर गुरुवारी आणि रविवारी तिथे जो बाजार भरतो, त्यात खिळ्यापासून मोटारीपर्यंत काय वाटेल ते मिळते.

२००६ नंतरच्या काळात नैसर्गिक वायूला भाव आला, सरकारच्या तिजोरीत पैसा खेळू लागला आणि त्याचे पाट या माळापर्यंत पोहोचले. २००५ च्या सुमारास देशातली शंभरांपैकी साठ माणसे दारिद्र्यात होती. २०१९ पर्यंत ती संख्या चाळीसच्या खाली आली. २०१४ साली दरीवरून आकाशपाळणे धावू लागले. आज त्यांचे दहा मार्ग आहेत आणि एकूण लांबी सुमारे तीस किलोमीटर. जिथे मिनीबसच्या गर्दीत तास मोडायचा, तिथे आपल्या कल्पित घरातली सून आता दहा मिनिटांत खाली उतरते. रोज वाचलेला हा वेळ म्हणजे मुलांचा अभ्यास घ्यायला मिळालेला वेळ. हिशेबाच्या वहीत तो दिसत नाही, पण घरात दिसतो.

पैसा आला तसा रुबाबही आला. फ्रेडी मामानी नावाच्या स्थपतीने एल आल्तोत रंगीबेरंगी इमारती उभ्या केल्या. तळमजल्यावर दुकाने, त्यावर झुंबरांनी लखलखणारे लग्नाचे दालन, त्यावर भाड्याच्या खोल्या आणि सर्वांत वर मालकाचे घर! लोक त्यांना ‘चोलेत’ म्हणतात. घेरदार परकर, खांद्यावर शाल आणि डोक्यावर वाटोळी टोपी अशा वेषातल्या आयमारा बायकांना एके काळी चांगल्या हॉटेलांत पाऊल टाकणे मुश्कील असे. आता त्यांपैकी काही जणी त्याच वेषात व्यापाराच्या मोठ्या उलाढाली करतात. २०१० साली वंशभेदाविरुद्ध कायदाही झाला. बदलत्या काळाने काय दिले असे कुणी विचारले, तर उत्तर म्हणून या टोपीकडे बोट दाखवावे.

किन्व्याची तेजी

आता खेड्यात आजीकडे वळू. तिच्या शेतात किन्वा पिकतो. दाणा राजगिऱ्याच्या जातकुळीचा, चवीला वरून कडू. त्यामुळे पाखरे त्याला तोंड लावत नाहीत, पण घरच्या बायकांना तो पायांनी मळून, पुष्कळ पाण्यात धुऊन घ्यावा लागे. पिढ्यान्‌पिढ्या ते गरिबाचे अन्न. शहरातली शिष्ट माणसे त्याला नाक मुरडीत.

पुढे युरोप-अमेरिकेतल्या लोकांना या दाण्यातल्या पौष्टिकतेचा साक्षात्कार झाला. २००६ पासून २०१३ पर्यंत भाव सुमारे तिप्पट झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे साल किन्व्याचे वर्ष म्हणून साजरे केले. मग परदेशी वर्तमानपत्रांतून ओरड सुरू झाली, की श्रीमंतांच्या चोचल्यांपायी अँडीजच्या गरिबाच्या तोंडचा घास गेला!

ही ओरड अर्धीच खरी होती. पेरूमधल्या कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले, की भाव चढले तेव्हा त्या भागातल्या लोकांची स्थिती सुधारलीच. आजीनेही किन्वा विकला, पत्र्याचे छप्पर घातले, नातवाची फी भरली. पानात किन्व्याबरोबर भात आणि शेवया दिसू लागल्या. त्यात दुःख ते काय? आपल्याकडे ज्वारीची भाकरी मागे पडून गव्हाची पोळी आली, तेव्हा आपण सुतक धरले होते काय?

खरे नुकसान ताटात झाले नाही, ते अंगणाबाहेर झाले. पूर्वी डोंगरउतारावर थोडा किन्वा पेरीत आणि मग ते शेत काही वर्षे पड ठेवीत. सपाट माळ लामांना चरायला मोकळा असे. तेजी आली तशी ट्रॅक्टरने माळ नांगरले गेले. शहरात गेलेले लोक गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसारखे पेरणीपुरते गावी येऊ लागले आणि आपल्या वाटणीची जमीन मागू लागले. गावागावांत हद्दींवरून तंटे झाले. चरायला कुरण नाही म्हणून लामा कमी झाले. लामा कमी झाले म्हणून खत आटले. उघड्या पडलेल्या मातीला वारा उडवून नेऊ लागला. सावडीची जागा रोजंदारीने घेतली.

आणि मग भाव कोसळला. पेरूने समुद्रकाठच्या सपाट जमिनीवर किन्व्याचे अमाप पीक काढले, इतर देशांनीही लागवड केली, आणि २०१४ च्या शिखरानंतर दोनच वर्षांत किंमत निम्म्याच्याही खाली आली. यापूर्वीही आजीने पडते भाव पाहिले होते. पण तेव्हा मागे लामांचा कळप आणि पड राखलेली जमीन होती. या खेपेला ती बँक तिने आपल्याच हाताने रिकामी केली होती. तेजीतली खरी जोखीम ही अशी आहे. ती येते तेव्हा नुसता पैसा देत नाही. जुनी बेगमी मोडायला लावते. आणि जाते तेव्हा पैसा घेऊन जाते, बेगमी मात्र परत करीत नाही.

शेजारच्या घरी

हा अनुभव एकट्या बोलिव्हियाचा नाही. इक्वेडोरमध्ये १९९९ साली बँका बुडाल्या आणि २००० साली देशाने आपले सुक्रे हे चलन सोडून अमेरिकेचा डॉलर स्वीकारला. एका डॉलरला २५,००० सुक्रे हा दर! आयुष्यभराची पुंजी मूठभर नाण्यांवर आली. लाखो माणसे स्पेन-अमेरिकेच्या वाटेला लागली. मागे आजी-आजोबांनी नातवंडे सांभाळली. त्याच देशातल्या डोंगरांत गुलाबाचे मळे बहरले आणि अनेक बायकांच्या हाती प्रथमच महिन्याचा पगार पडला. एका घरची आई परदेशी गेली, दुसऱ्या घरची आई कमावती झाली. आणि दोन्ही घरे एकाच गल्लीतली असू शकतात.

बोलिव्हियातही वायूचा ओघ आटला. २०२३ साली डॉलरची टंचाई झाली. पाठोपाठ २०२४ आणि २०२५ मध्ये पेट्रोल-डिझेलसाठी लांबच लांब रांगा लागल्या, तेला-तांदळाचे भाव कडाडले. २०२५ च्या निवडणुकीत मतदारांनी, मधले एक वर्ष सोडता जवळजवळ वीस वर्षे चाललेली सत्ता पालटली. आता सर्वांचे डोळे उयुनीच्या मिठागराकडे लागले आहेत. दहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या या पांढऱ्याशुभ्र पठाराखाली लिथियमचा प्रचंड साठा आहे, आणि मोटारींच्या विजेऱ्यांसाठी जगाला तो हवा आहे. भोवतालचे शेतकरी विचारतात, आमच्या पाण्याचे काय? पोतोसीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारावा, यात नवल नाही.

एकेकोच्या खांद्यावर

दरवर्षी २४ जानेवारीला ला पाझमध्ये ‘आलासिता’ची जत्रा भरते. समृद्धीचा देव ‘एकेको’ हा तिचा मानकरी. मिशाळ, हसरा, हात पसरलेला, अंगभर सामान लादलेला हा बुटका देव पाहिला, की आपल्याला कुबेराची आठवण व्हावी! वर्षभरात जे हवे असेल, त्याची इवलीशी प्रतिकृती लोक विकत घेतात आणि ठीक दुपारी बारा वाजता तिच्यावर आशीर्वाद घेतात. इवलाले घर, मोटार, डॉलरच्या नोटा, पदवीचे प्रमाणपत्र, पारपत्र, प्रवासाची पेटी! समाजाची नाडी पाहायची असेल, तर या जत्रेतल्या दुकानांवरून एक चक्कर मारावी.

पण या सगळ्या नवलाईत एक जुनी वस्तू अजून टिकून आहे. एकेकोच्या अंगावर धान्याची, पिठाची, साखरेची चिमुकली पोती लटकलेली असतात. आपल्या त्या कल्पित घरातला नातू प्रमाणपत्र घेईल, सून घर घेईल. आजी मात्र न चुकता पोते घेईल, आणि नातवाला सांगेल, की बाबा, मोटार माग, डॉलर माग, काय वाटेल ते माग. पण आधी पोते भरलेले असू दे.

लक्ष्मीपूजनाला आपणही वहीवर कुंकू वाहतो आणि लक्ष्मी चंचल आहे हे जाणून तिची प्रार्थना करतो. ती यावी हे तर खरेच. पण ती गेलीच, तर फडताळातल्या डब्यांत काय उरेल, याचा हिशेब आपल्या आज्यांनी ठेवला होता. अँडीजची आजीही तोच हिशेब ठेवीत आली आहे.