दात्यांची एकजूट

कामगार संघटनेत आम्ही पहिला धडा शिकलो तो वर्गणीचा. एकट्याचा रुपया हा नुसता रुपया असतो. हजारांचे रुपये एका ठरावामागे उभे राहिले म्हणजे त्यांस बळ येते. हाच धडा जगातील मोठी धर्मादाय प्रतिष्ठाने हवामानबदलाच्या कामी गिरवू लागली आहेत.

त्याची गरज उघड आहे. जगातील एकूण दानधर्मापैकी दोन टक्क्यांहूनही कमी पैसा पृथ्वीची तापवाढ रोखण्याकडे जातो, आणि तोही विखुरलेला. एक दाता झाडे लावतो, दुसरा सौरदिवे वाटतो, तिसरा अहवाल छापतो. म्हणून 2008 साली अमेरिकेतील ह्युलेट, पॅकार्ड व मॅकनाइट या प्रतिष्ठानांनी ‘क्लायमेटवर्क्स’ ही सामाईक संस्था उभी केली. आपल्याकडेही 2020 साली टाटा ट्रस्ट्स आदी दात्यांनी मिळून ‘इंडिया क्लायमेट कोलॅबोरेटिव्ह’ स्थापन केले.

अशा एकजुटीने काय साधते? फ्रिज व एअरकंडिशनर यांत हायड्रोफ्लुरोकार्बन जातीचे वायू असतात. त्यांतील बरेचसे कार्बन डायऑक्साइडहून शेकडो, हजारो पट तापदायक. ते कमी करीत जाण्याचा करार ऑक्टोबर 2016 मध्ये रवांडातील किगाली येथे झाला. त्याच्या तोंडावर पंधराहून अधिक प्रतिष्ठाने व दाते यांनी मिळून 5 कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देऊ केली. हेतू असा, की गरीब देशांत वायू बदलताना यंत्रही कमी वीज खाणारे व्हावे, म्हणजे एका खर्चात दुहेरी लाभ. एकेकट्या दात्याला हे साधले नसते.

पण वर्गणी आणि देणगी यांत एक भेद आहे. वर्गणीदार भर सभेत उठून चिटणिसास हिशेब विचारतो. देणगी घेणारा कोणाला विचारणार? दाते एकत्र आले म्हणजे पैशाबरोबर सत्ताही एकत्र येते. यंत्र सुधारले, ठीक. पण उन्हात राबणारा गवंडी, हमाल वा भाजीवाली यांच्यापाशी यंत्रच नाही. त्यांचे गाऱ्हाणे त्या बैठकीत कोण मांडणार?

वाट नाही असे नाही. अहमदाबादेची ‘सेवा’ ही 1972 साली नोंदलेली कष्टकरी स्त्रियांची संघटना. 2023 साली बाहेरच्या संस्थांच्या साहाय्याने तिने गुजरातेतील सुमारे 21,000 सभासद स्त्रियांसाठी उष्म्याचा विमा सुरू केला. 2024 साली तो महाराष्ट्र व राजस्थानातही आला. त्या वर्षी पारा 40 अंशांवर गेला की 400 रुपये हाती देण्याची तरतूद होती. रक्कम लहान खरी, परंतु योजनेच्या भागीदारांत खुद्द कष्टकऱ्यांची संघटना होती.

म्हणून दात्यांच्या एकजुटीचे आम्ही स्वागत करतो, आणि दोन मागण्या ठेवतो: हिशेब उघड असावा, आणि ज्यांच्या डोक्यावर ऊन आहे त्यांना निर्णयाच्या आधी बैठकीत जागा असावी.