रसद तोडतो, खबरही देतो!

दोस्तांनो, खेळताना पडून गुडघा कधीच फुटला नाही, असा तुमच्यात कुणी आहे का? बहुधा नसेलच! एरवी जखम चार-आठ दिवसांत वाळते, खपली धरते आणि आपण ती विसरूनही जातो. पण कधी कधी ती चिघळते. लाल होते, ठणकते, हाताला गरम लागते आणि मग तिच्यात पिवळसर पू होतो. "ई!" म्हणून नाक मुरडू नका बरं का. पू म्हणजे नुसती घाण नव्हे, ते एक रणांगण आहे! तुमच्यासाठी लढता लढता कामी आलेले असंख्य शिपाई तिथे पडलेले असतात.

या शिपायांचे नाव न्यूट्रोफिल. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सर्वांत जास्त संख्या यांचीच. हाडांच्या आतल्या मगजात यांची भरती चालू असते. किती भरती होत असेल? मोठ्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे दहा हजार कोटी! यांचे आयुष्य मात्र फार थोडे. काही तास, फार तर काही दिवस. पण तेवढ्यात कुठे काटा रुतला, कुठे जंतू शिरला, की सर्वांत आधी धावून जाणाऱ्यांत हेच असतात.

पांढऱ्या पेशी जंतूंना चक्क गिळून टाकतात, ही गोष्ट तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेले शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगापुढे मांडली. त्यासाठी १९०८ साली पाउल अर्लिक यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण या शिपायांकडे जंतूंना गिळण्याखेरीज आणखी एक जबरदस्त युक्ती आहे, आणि ती कळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. आज तिचीच गोष्ट.

शिपायाच्या पोतडीत काय आहे?

न्यूट्रोफिलच्या आतल्या द्रवात तऱ्हेतऱ्हेची प्रथिने विरघळलेली असतात. गंमत म्हणजे त्यांतला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या एका प्रथिनाचा असतो. शाळेला निघालेल्या मुलाचे दप्तर उघडावे आणि त्यात अर्धीअधिक एकाच विषयाची पुस्तके निघावीत, तसाच हा प्रकार. इतका साठा बाळगला आहे, म्हणजे त्याचे काम तसेच महत्त्वाचे असणार, नाही का?

१९८० साली नॉर्वेची राजधानी ऑस्लो इथले डॉ. माग्ने फागरहोल आणि त्यांचे सहकारी यांनी या प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा त्याला 'एल-१' असे साधे नाव होते, खोलीला नंबर द्यावा तसे. पुढे कळले की हे प्रथिन कॅल्शियमला धरून ठेवते. १९९० साली असेही दिसले की ते जीवाणू आणि बुरशी यांची वाढ रोखते. मग त्याला शोभेसे नाव मिळाले. 'कॅल' म्हणजे कॅल्शियम आणि 'प्रोटेक्ट' म्हणजे रक्षण करणे. म्हणून कॅलप्रोटेक्टिन! नाव जरा जड आहे, पण दोन-तीनदा मोठ्याने म्हणा, जिभेवर बसेल.

वेढा घाला, रसद तोडा

आता युक्ती ऐका. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही किल्ल्यांच्या वेढ्यांविषयी वाचले आहे. तटावर तोफा डागण्यापेक्षा आत जाणारे धान्य-दाणापाणी बंद केले, की किल्ला आपोआप जेरीस येतो. सैन्य पोटावर चालतं, असं म्हणतात ते उगीच नाही! कॅलप्रोटेक्टिन नेमके हेच करते. ते जंतूंची रसद तोडते.

जंतूंची रसद म्हणजे काय? साखर आणि प्रथिने तर हवीतच, पण जस्त, मँगेनीज, लोह अशी खनिजेही हवीत. ती लागतात अगदी कणभर, पण त्यांच्यावाचून चालत नाही. सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब केवढीशी असते! पण ती नसेल तर चाकात हवा राहत नाही आणि सायकल ढकलत घरी आणावी लागते. तसेच जंतूंच्या शरीरात काम करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, या खनिजांवाचून अडून बसतात. कॅलप्रोटेक्टिन आजूबाजूचे जस्त आणि मँगेनीज असे घट्ट पकडते, की जंतूंच्या वाट्याला काही उरतच नाही.

याला पुरावा काय, असे तुम्ही विचाराल. विचारलेच पाहिजे! १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी गळवातला पू घेतला आणि त्यातल्या पेशी बाजूला काढल्या. उरलेल्या पाण्यासारख्या द्रवात त्यांनी बुरशी घालून पाहिली. ती वाढेना. मग त्यांनी त्यात थोडे जस्त मिसळले, आणि काय आश्चर्य! बुरशी पुन्हा वाढू लागली. म्हणजे त्या द्रवाने बुरशीला काही विष घातले नव्हते, उपाशी ठेवले होते.

पुढे २००८ साली अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. साध्या उंदरांच्या गळवांत जस्त आणि मँगेनीज जवळपास नाहीसे झालेले होते. ज्या उंदरांत कॅलप्रोटेक्टिन नव्हते, त्यांच्या गळवांत मात्र ही खनिजे शिल्लक होती आणि जंतूही जास्त माजले होते.

आता हुशार मुलांना एक शंका आली असेल. हे प्रथिन खनिजे ओढून घेते, तर मग ते आपल्याच पेशीला उपाशी कसे ठेवत नाही? इथेच कॅल्शियमची मदत होते. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम फार कमी असते, बाहेर मात्र त्याच्या सुमारे दहा हजार पट. कॅलप्रोटेक्टिन पेशीबाहेर पडले, की त्याला भरपूर कॅल्शियम मिळते आणि त्याची पकड एकदम घट्ट होते. घरात असताना मूठ सैल, रणांगणावर पाऊल पडताच मूठ आवळलेली!

हे बाहेर पडते तरी कसे? बहुतेक वेळा शिपाई स्वतः मरतो तेव्हा. २००४ साली जर्मनीत बर्लिनच्या शास्त्रज्ञांना दिसले, की न्यूट्रोफिल आपल्याच पोटातले डीएनएचे धागे बाहेर फेकून जंतूंभोवती जाळे टाकतात. २००९ साली त्याच जाळ्यात कॅलप्रोटेक्टिन चिकटलेले सापडले. म्हणजे आमचा हा शिपाई मेला, तरी वेढा उठत नाही!

शत्रूही वस्ताद

अर्थात जंतूही काही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. उघड्यावरच्या, दूषित अन्नातून पोटात जाणारा साल्मोनेला नावाचा एक जीवाणू आहे. त्याच्याकडे जस्त खेचून घेणारा एक खास पंप असतो. आजूबाजूला जस्ताचा नुसता मागमूस असला, तरी तो ते ओढून घेतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासात असे दिसले, की कॅलप्रोटेक्टिनने जस्त पळवल्यावर आतड्यातले इतर जीवाणू मागे पडतात आणि हे महाशय मात्र आयत्या मोकळ्या जागेत पाय पसरतात! म्हणून अशा शत्रूला आत घेण्यापेक्षा वेशीवरच अडवलेला बरा. जेवणाआधी साबणाने हात धुवा, असे आई रोज सांगते, ते याचसाठी.

भोंगा बंद होत नाही तेव्हा

कॅलप्रोटेक्टिन आणखी एक काम करते. ते धोक्याचा भोंगा वाजवते. ते पेशीबाहेर आले, की इतर पेशींना इशारा मिळतो, "इकडे गडबड आहे, कुमक पाठवा!" मग आणखी शिपाई येतात. ती जागा लाल होते, सुजते, दुखते. याला दाह म्हणतात. लढाई संपली, की भोंगा थांबायला हवा आणि शिपायांनी घरी जायला हवे.

पण काही जणांच्या आतड्यात हा भोंगा थांबतच नाही. बाहेरचा शत्रू नसतानाही सैन्य गोळा होत राहते आणि लढाई आपल्याच गावात सुरू होते. आतड्याला सूज येते, जखमा होतात. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे असे दोन आजार. त्यांतल्या पहिल्याला डॉ. बरिल क्रोन यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १९३२ साली न्यूयॉर्कहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. हे आजार पाश्चात्त्य देशांतले, असे पूर्वी समजत. पण ते आपल्याकडेही होतात, आणि कित्येकांना तुमच्याच वयात किंवा ऐन तरुणपणी सुरू होतात. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, हे मात्र पक्के लक्षात ठेवा.

शौचातून आलेली खबर

पोटात दाह आहे की नाही, हे बाहेरून कसे ओळखायचे? आतड्याची खात्रीशीर पाहणी दुर्बिणीने होते. पण त्यासाठी आधी जुलाबाचे औषध घेऊन पोट रिकामे करावे लागते, मुलांना बहुधा भूलही द्यावी लागते. पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला कुठे दुर्बीण घालणार?

इथे आपला शिपाई पुन्हा उपयोगी पडला. आतड्याला दाह असला, की न्यूट्रोफिल आतड्याच्या अस्तरातून वाट काढून आतल्या पोकळीत उतरतात. तिथे ते मरतात, त्यांच्यातले कॅलप्रोटेक्टिन सांडते आणि शौचावाटे बाहेर येते. शिवाय ते मोठे चिवट असते, सहजासहजी कुजत नाही. १९९२ साली ऑस्लोच्याच डॉ. आर्ने रोसेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शौचातले कॅलप्रोटेक्टिन मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. सुई नको, भूल नको. छोट्याशा डबीत शौचाचा लहानसा नमुना दिला, की काम झाले!

२०१३ साली ब्रिटनमधल्या 'नाइस' या सरकारी सल्लागार संस्थेनेही ही तपासणी वापरण्याची शिफारस केली. उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठीही डॉक्टर ती पुन्हा पुन्हा करून घेतात. आकडा उतरू लागला, म्हणजे आतली लढाई निवळत चालली.

साधारणपणे एक ग्रॅम शौचात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी कॅलप्रोटेक्टिन असले, तर दाह नसण्याचीच शक्यता जास्त. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग! दाह जोरात असेल, तर हाच आकडा कित्येक शेकड्यांवर, कधी हजारांवरही जातो. अगदी लहान बाळांत तो एरवीही जास्तच असतो.

पण खबऱ्या फक्त एवढेच सांगतो, की लढाई चालू आहे. ती कोणाशी, हे तो सांगत नाही. जंतूंमुळे झालेल्या हगवणीत आकडा वाढतो, काही वेदनाशामक गोळ्यांनी वाढतो, आतड्याच्या क्षयातही वाढतो. आपल्या देशात जुलाब, हगवण आणि क्षय अजून भरपूर आहेत. त्यामुळे कागदावरचा आकडा पाहून घरच्या घरी घाबरायचे नाही आणि निदानही करायचे नाही. ते काम डॉक्टरांचे.

आता तुमच्याशी, आणि आई-बाबांशीही

पोट दुखतंय म्हटलं, की घरी पहिला प्रश्न काय येतो? "आज चाचणी परीक्षा आहे वाटतं?" कधी कधी ते खरेही असते, लबाडांनो! पण प्रत्येक वेळी नसते. पोटदुखी आठवडेच्या आठवडे टिकली, शौचावाटे रक्त पडले, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावे लागले, वजन घटले किंवा वर्गातली मुले उंच होत असताना आपली उंची मात्र थांबली, तर ते लपवू नका. "शी"बद्दल काय बोलायचं, असं वाटतं ना? अनेक मुलं याच लाजेपायी महिनोन् महिने गप्प बसतात. तेवढ्या वेळात आतला दाह वाढत जातो आणि अंगी लागायला हवे ते अन्न वाया जाते. लवकर कळले, तर औषधांनी तो काबूत ठेवता येतो आणि मुले शाळेत जातात, खेळतात, वाढतात.

आणि पालकांनो, आकडा व्यवस्थित आला म्हणून "बघ, तुला काही झालेलं नाही, सोंग करतोस," असे म्हणू नका. दाह नसतानाही आतड्याची हालचाल बिघडून किंवा मनावरच्या ताणाने पोट खरोखर दुखते. मुलाला होणारी कळ खरीच असते, फक्त तिचा उपाय वेगळा असतो. तपासणीने दुर्बीण टळली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मूल काय सांगते, ते ऐकून घेण्याचे काम कुठलीही तपासणी करणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, तुमच्या आतले शिपाई आपले काम चोख करतात. मरता मरता खबरसुद्धा बाहेर धाडतात. ती डॉक्टरांपर्यंत पोचवायची, तर आधी घरात तोंड उघडायला हवे. तेवढे तुम्ही कराल ना?