पिल्लांविना पान्हा

श्रावणातली दुपार. लोणावळ्यात दोन दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं. आमची चिक्की धान्याच्या कोठीमागे शिरली ती बाहेर येईचना. गारठली असेल म्हणून वाकून पाहिलं. तिने जुनं पोतं नखांनी ओरबाडून, गोल गोल फिरून त्यात खळगा केला होता. खळग्यात माझ्या भाचीचा लोकरी मोजा होता आणि त्याच्याभोवती चंद्रकोरीसारखं अंग वळवून ती पडली होती. मी हात पुढे केला, तशी एरवी बोटं चाटणारी ती इवलीशी पॉमेरेनियन गुरगुरली. तो मोजा ती कुणाला उचलू देणार नव्हती.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या मावशी कामशेतकडच्या. त्यांचं आयुष्य गाईम्हशींत गेलेलं. त्यांनी डोकावून पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "अगं, ही तर व्यायला टेकलीय! सड बघ कसे भरलेत."

"मावशी, कसं शक्य आहे? ज्येष्ठात पहिल्यांदाच माजावर आली होती. तीन आठवडे उंबरठ्याबाहेर सोडली नाही तिला."

पण सड भरले होते हे खरं. ती कुशीवर वळली तेव्हा एका सडाच्या टोकाशी पांढुरका थेंब दिसला. पोटावरचे केस त्याने चिकट झाले होते. दहा महिन्यांचं कुत्रं, नराचा वाराही न लागलेलं, आणि त्याला पान्हा फुटलेला.

तळेगावच्या पशुवैद्यांनी तिला टेबलावर घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "माज कधी होता?" नशिबाने ती तारीख कालनिर्णयवर, गॅसच्या नोंदीखाली, लिहून ठेवली होती. त्यांनी बोटांवर मोजलं. आठ आठवडे झाले होते. मग सोनोग्राफी केली. पडद्यावर गर्भाशय रिकामं होतं. "खोटी गाभण," ते म्हणाले. मात्र नुसत्या लक्षणांपेक्षा ती तारीखच त्यांना जास्त काही सांगून गेली होती. असं का, हे समजून घेतलं तेव्हा मी थक्क झाले.

आधी गाईचं पाहू. मावळातल्या कुठल्याही गोठ्यात 'गाय उलटली' हे शब्द ऐकू येतात. गाय भरवली पण गाभ राहिला नाही, तर साधारण एकविसाव्या दिवशी ती पुन्हा माजावर येते. त्यामागची व्यवस्था फार नेटकी आहे. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन हे गर्भ राखणारं संप्रेरक सोडू लागतो. गर्भ नाही असं दिसलं की गाईचं गर्भाशय सतराव्या दिवसाच्या सुमारास पीतपिंडाला रासायनिक निरोप धाडतं: आता आवर. पीतपिंड विरतो आणि गाय उलटते.

कुत्रीच्या शरीरात हा निरोप जातच नाही! नर भेटो न भेटो, गर्भ असो नसो, तिचा पीतपिंड दोन महिने काम करत राहतो. गाभण आणि रिकाम्या कुत्रीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन इतकं सारखं असतं की नुसतं ते मोजून कोण गाभण आहे हे सांगता येत नाही. त्यासाठी रिलॅक्सिन शोधावं लागतं, कारण ते वारेतून येतं आणि साधारण चौथ्या आठवड्यात सापडू लागतं. म्हणजे माज ओसरल्यावर प्रत्येक कुत्रीचं शरीर काही प्रमाणात गाभणपण जगतच असतं. बहुतेकींचं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. त्या सुमाराला प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि दूध आणणारं, पिल्लांची ओढ लावणारं प्रोलॅक्टिन चढतं. हा उतार-चढाव काही जणींच्या शरीराला फार जोरात जाणवतो. मग त्या खळगा करतात, चपला, बाहुल्या, मोजे गोळा करतात, खाणं कमी करतात, अस्वस्थ होऊन कण्हतात, सड चाटत बसतात. म्हणूनच ही लक्षणं माजानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, कधी थोडी उशिरा, म्हणजे बरोबर बाळंतपणाच्या बेताला दिसतात. इंग्लंडची राणी मेरी 1555 साली महिनोन्‌महिने बाळाची वाट पाहत राहिली आणि बाळ झालंच नाही, हा किस्सा प्रसिद्ध आहे. माणसांतलं असं खोटं गरोदरपण दुर्मीळ असतं. कुत्रीचं तसं नाही. तिच्या मनाने काही कल्पून घेतलेलं नसतं. शरीर आपला हिशेब चोख पुरा करत असतं.

निसर्गाने हा खटाटोप कशासाठी ठेवला असेल? याचं एक उत्तर मला फार आवडतं. आमच्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सासवड-बारामतीच्या माळांवर लांडगे आहेत. लांडग्यांच्या कळपात सहसा एकच मादी विते, बाकीच्या पिल्लं सांभाळायला हातभार लावतात. न व्यायलेल्या मावशीलाही पान्हा फुटला, तर आई शिकारीला गेली किंवा मेली तरी पिल्लं जगतील. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत ठेंगण्या मुंगुसांच्या टोळ्यांत हे प्रत्यक्ष दिसलं आहे. स्कॉट क्रील आणि सहकाऱ्यांनी 1991 साली 'नेचर'मध्ये लिहिलं की न व्यायलेल्या काही माद्यांना खोट्या गाभणपणानंतर दूध येतं आणि त्या टोळीतली पिल्लं पाजतात. कुत्र्यांतही हा वारसा लांडग्यांकडून आला असावा, असा तर्क आहे. तो खरा असेल, तर कोठीमागची चिक्की एका फार जुन्या कळपातल्या मावशीचं काम करत होती.

आता घरचं. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. सड दाबून दूध काढू नये, तेल लावून चोळू नये, शेकू नये. सडाला जितका स्पर्श तितकं प्रोलॅक्टिन जास्त. तिला चाटू द्यायचं नाही, त्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालतात. तिने जपलेली वस्तू हिसकावू नये. आम्ही ती फिरायला गेल्यावर मोजा हळूच उचलला आणि तिला रोज थोडं जास्त चालवलं, पाऊस असला तरी. पाणी तोडू नये. त्रास फारच असेल तर पशुवैद्य प्रोलॅक्टिन रोखणारं कॅबरगोलिन देतात, पण ते मनाने कधीही देऊ नये. खरीच गाभण असली तर त्याने गर्भ पडू शकतो. भादव्यात गल्लीतले कुत्रे कसे कुंपणं ओलांडतात हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा 'आमची दाराबाहेर गेलीच नाही' या खात्रीपेक्षा सोनोग्राफी बरी. मीलनापासून 25 दिवसांनंतर ती स्पष्ट सांगते.

एकदा पिल्लं होऊ दिली की हे थांबतं, असं कुणीही सांगितलं तरी मानू नका. पुढच्या माजानंतर ते पुन्हा होऊ शकतं. ज्यांना पिल्लं नको आहेत त्यांनी नसबंदी करावी, पण दूध पूर्ण आटल्यावर, साधारणपणे माजानंतर तीन-चार महिन्यांनी. ऐन खोट्या गाभणपणात शस्त्रक्रिया केली तर ते लांबू शकतं.

माजानंतरच्या याच आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा आजारही गाठतो, आणि तो जीव घेतो. कुत्री सारखं पाणी पिते, उलट्या करते, मलूल पडते, पोट फुगतं. योनीतून घाण स्राव येईल किंवा अजिबात येणार नाही, दोन्ही शक्य आहे. सड गरम, कडक, लालभडक होऊन दुखत असेल तर तोही वेगळा आजार आहे. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तुमच्या घरी पहिल्या माजाची कुत्री असेल तर आजच कालनिर्णयवर ती तारीख लिहून ठेवा. दवाखान्यात तुम्हाला पहिलं तेच विचारतील.