शर्यतीच्या मोटारीत बसण्यापूर्वी : हौशी चालकाची संरक्षक साधने

रायपूरहून पश्चिमेस निघालेला राष्ट्रीय महामार्ग खारून नदी ओलांडतो आणि दुर्ग जिल्ह्यातील कुम्हारी या गावातून पुढे भिलाईकडे, तेथून राजनांदगाव व नागपूरकडे जातो. या रस्त्यावर सकाळच्या पाळीच्या वेळी उभे राहिल्यास दोन प्रकारची शिरस्त्राणे नित्य दृष्टीस पडतात. एक, कारखान्यात जाणाऱ्या कामगाराचे, दुसरे, मोटारसायकलस्वाराचे. पहिले कठीण कवचाचे, आत पट्ट्यांची जाळी असलेले; दुसरे जाड, गुबगुबीत अस्तराचे. दोन्ही डोक्याचेच रक्षण करतात. परंतु एकाच्या जागी दुसरे चालत नाही. कामगाराचे शिरस्त्राण वरून पडणाऱ्या वस्तूचा आघात पेलण्यासाठी घडविलेले असते व त्यासाठी भारतीय मानक २९२५ आहे. स्वाराचे शिरस्त्राण स्वतः डोकेच रस्त्यावर जाऊन आदळेल या कल्पनेने घडविलेले असते व त्यासाठी भारतीय मानक ४१५१ आहे.

मोटारींच्या शर्यतीत हौसेने भाग घेणाऱ्या तरुणास तिसऱ्याच प्रकारच्या शिरस्त्राणाची गरज असते. ते का, आणि त्याच्या जोडीला आणखी कोणती साधने हवीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आरंभीच एक तत्त्व सांगून ठेवणे इष्ट आहे : साधन धोका पाहून निवडावे, रूप पाहून नव्हे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशा भट्टीसमोर काम करणाऱ्याच्या अंगावर चकाकणारा, ॲल्युमिनियमचा थर दिलेला डगला असतो, कारण तेथे मुख्य शत्रू दुरून येणारी प्रारित उष्णता हा असतो आणि चकाकी ती परतवून लावते. शर्यतीच्या चालकाला मात्र भीती असते ती पेटलेल्या पेट्रोलच्या प्रत्यक्ष ज्वाळेची. म्हणून त्याचा पोशाख निराळा.

आघात म्हणजे काय?

ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. हा वेग शर्यतीत अगदी सामान्य होय. या वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळून चालकाचे शरीर १ मीटर अंतरात थांबले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट मंदन येते. तेच अंतर अर्धा मीटर असेल तर मंदन चाळीसपटीहून अधिक होते. माणसाचे डोके व शिरस्त्राण यांचे वस्तुमान मिळून ६ किलोग्रॅम धरले, तर त्या क्षणी मानेला सुमारे २४५ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ सोसावी लागेल. सर्व संरक्षक साधनांचे रहस्य या एका हिशेबात आहे. थांबण्याचे अंतर वाढवा, बळ अधिक पृष्ठभागावर पसरा, आणि ते शरीराच्या बळकट हाडांवर घ्या.

माणसाचे शरीर नीट बांधलेले असेल तर ते किती सोसू शकते, याचा प्रयोग अमेरिकेतील कर्नल जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवरच केला. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटच्या गाड्यावर बसून ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाने गेले आणि दीड सेकंदाच्याही आत थांबले. त्यांच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक मंदन आले. डोळ्यांना इजा झाली, पण ते जगले. नुसत्या वेगाने माणूस मरत नाही; तो कसा थांबतो यावर सारे अवलंबून असते, हा धडा त्यातून मिळाला.

शिरस्त्राण

शिरस्त्राणाचे कठीण कवच आघात पसरविते; परंतु खरे काम आतील फेसाळ अस्तर करते. ते चिरडते आणि चिरडताना डोक्याला थांबण्यास अंतर देते. सुमारे १.८ मीटर उंचीवरून पडणारे डोके सेकंदाला ६ मीटर वेगाने जमिनीवर येते. ते ३ मिलिमीटरमध्ये थांबले तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सहाशेपट, आणि ३ सेंटिमीटरमध्ये एकसारखे थांबले तर अवघे साठपट. एकदा चिरडलेले अस्तर पुन्हा तसे काम देत नाही. म्हणून अपघातातून गेलेले शिरस्त्राण बाहेरून नवेकोरे दिसले तरी टाकून द्यावे, आणि इतिहास ठाऊक नसलेले जुने शिरस्त्राण कितीही स्वस्त मिळाले तरी विकत घेऊ नये.

अमेरिकेत १९५६ मध्ये विल्यम स्नेल नावाचा हौशी चालक शर्यतीत मृत्यू पावला. त्याचे शिरस्त्राण त्याला वाचवू शकले नाही. त्याच्या स्नेह्यांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने एक प्रतिष्ठान काढले आणि १९५९ मध्ये शिरस्त्राणांचे पहिले मानक प्रसिद्ध केले. आज स्नेल प्रतिष्ठानाच्या मानकांत मोटारशर्यतीसाठी ‘एसए’, मोटारसायकलसाठी ‘एम’ आणि कार्टसाठी ‘के’ अशी अक्षरे असतात. ‘एसए’ शिरस्त्राणाचे अस्तर ज्वालारोधक असते, आणि गाडीतील लोखंडी चौकटीवर डोके पुनःपुन्हा आपटेल हे गृहीत धरून त्याची निराळी परीक्षा घेतली जाते. मोटारसायकलच्या शिरस्त्राणाची अशी परीक्षा होत नाही. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे एफ.आय.ए.चे ८८५९-२०१५ हे मानकही मोटारशर्यतीसाठीच आहे.

निवडताना भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजावा. शिरस्त्राण घातल्यावर ते डावी-उजवीकडे फिरवून पाहावे. गालाची कातडी त्याबरोबर फिरली पाहिजे. हनुवटीचा पट्टा बांधून मागील कडेला धरून पुढे ओढावे. ते डोक्यावरून निघता कामा नये. त्यावर स्वतः रंग काढण्याचा मोह टाळावा, कारण काही रंगांतील द्रावके कवच व अस्तर दुबळे करतात.

मान वाचविणारी चौकट

चालकाचे धड पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असते, परंतु डोके मोकळे असते. समोरून धडक बसली की धड थांबते आणि डोके पुढे जात राहते. अशा वेळी कवटीच्या तळाचे हाड तुटून मृत्यू येतो. १९८१ मध्ये पॅट्रिक जॅकमार या चालकाचा असाच अंत झाला. त्यानंतर त्याचा सहकारी जिम डाउनिंग आणि डाउनिंगचे मेहुणे, मिशिगन राज्य विद्यापीठातील जीवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड, या दोघांनी ‘हान्स’ नावाचे साधन तयार केले. हे साधन म्हणजे खांद्यांवर बसणारी एक हलकी, ताठ कॉलर होय. खांद्यांवरील पट्टे तिला दाबून धरतात आणि दोन लहान बंद तिला शिरस्त्राणाशी जोडतात. त्यामुळे डोके धडाबरोबरच थांबते आणि ओढ मानेवर न येता पट्ट्यांवर जाते.

हे साधन उपलब्ध असूनही अनेक वर्षे चालकांनी ते अवजड म्हणून नाकारले. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे विख्यात चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाचे हाड तुटून मृत्यू झाला, आणि मग मते पालटली. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅसकार शर्यतींत आणि २००३ पासून फॉर्म्युला वन शर्यतींत असे साधन सक्तीचे झाले. हौशी चालकाने ध्यानात ठेवावे की मऊ फेसाचा गळपट्टा हे काम करीत नाही, आणि घरगुती मोटारीच्या साध्या तीन टोकांच्या पट्ट्याबरोबर हान्सचा उपयोग होत नाही.

पट्टे, आसन आणि चौकट

शर्यतीचे पट्टे सामान्यतः सहा टोकांचे असतात. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर कटीच्या हाडावर, खाली आणि घट्ट बसला पाहिजे. खांद्यांवरील पट्टे मागे जाताना जवळजवळ आडवे असावेत. ते फार तिरपे खाली उतरले तर धडकेत ते कण्याला खाली दाबतात. मांड्यांमधून येणारे पट्टे शरीराला कमरेच्या पट्ट्याखालून सरकू देत नाहीत. पट्ट्यांचा धागा ऊन, घाम व तेल यांनी दुबळा होतो; म्हणूनच एफ.आय.ए.च्या पट्ट्यांवर मुदतीचे वर्ष छापलेले असते. ते उलटून गेले असल्यास पट्टा कितीही चांगला दिसो, शर्यतीचे परीक्षक तो नाकारतात, आणि त्यांनी तसेच करावे.

गाडी उलटली तर छप्पर चेपू नये म्हणून आत पोलादी नळ्यांची चौकट बसवितात. येथे एक इशारा आवश्यक आहे. अशी चौकट बसविलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर नेऊ नये. शिरस्त्राण नसलेले डोके आणि पोलादी नळी यांची गाठ पडली तर रक्षकच भक्षक ठरतो.

ज्वाळेपासून रक्षण

नायलॉन व पॉलिस्टर यांचे कापड उष्णतेने वितळते आणि कातडीस चिकटते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीने नोमेक्स नावाचा धागा बाजारात आणला. हा वितळत नाही. ज्वाळेत तो काळा पडतो व फुगतो, आणि ज्वाळा दूर केली की जळत राहत नाही. अशा कापडाचे एकापेक्षा अधिक थर असले की त्यांमध्ये अडकलेली हवा उष्णतेचा प्रवास लांबविते. अमेरिकेतील एस.एफ.आय. संस्थेच्या ३.२ए मानकानुसार सर्वांत साध्या, पहिल्या श्रेणीच्या पोशाखात दुसऱ्या दर्जाचा भाजा होण्यास सुमारे ३ सेकंद लागतात, तर पाचव्या श्रेणीच्या पोशाखात सुमारे १० सेकंद. पोशाख आग विझवीत नाही. तो केवळ बाहेर पडण्यास वेळ विकत घेऊन देतो. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे रोमाँ ग्रोजाँ यांची गाडी कठड्याला धडकून पेटली. आघात गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. सुमारे २८ सेकंद आगीत राहूनही ते चालत बाहेर आले. भाजले ते मुख्यतः हात.

तेव्हा पोशाखाबरोबर हातमोजे, पायमोजे, बूट, डोक्यावरील टोपडे आणि आतील वस्त्रे हीही ज्वालारोधक हवीत. आत नायलॉनचा बनियन घालून वर उत्तम पोशाख चढविणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय. पोशाखावर तेलाचे डाग राहू देऊ नयेत. तेल हे इंधनच आहे.

छत्तीसगडच्या व विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा ४४ अंशांवर असताना, तीन थरांचा पोशाख घालून बसणे हे स्वतःच संकट ठरू शकते. अंगातील पाणी घटले की प्रथम विचारशक्ती मंदावते. म्हणून पोशाख अर्धवट उघडा ठेवून शर्यतीत उतरण्यापेक्षा आधीपासून पाणी पिणे, सावलीत थांबणे आणि गाडीत बसण्याच्या वेळीच पोशाख बंद करणे हा योग्य मार्ग होय.

कार्टचा अपवाद

अनेक मुलांचा आरंभ कार्टपासून होतो. कोल्हापूर येथे मोहिते यांचा कार्टिंगचा मार्ग आहे. कार्टमध्ये पट्टे नसतात. उलटल्यास चालक बाहेर फेकला जातो. म्हणून तेथे हान्सचा उपयोग नाही, आणि पोशाखही ज्वाळेपेक्षा रस्त्यावरील घर्षणास टिकणारा हवा. शिवाय बरगड्यांना आसनाचे धक्के बसतात, त्यासाठी बरगड्यांचे कवच वापरतात. कार्टचा पोशाख घालून मोटारीच्या शर्यतीत उतरणे ही हौशी चालकाची एक सर्वसाधारण चूक होय. दोन्ही पोशाख दिसावयास सारखे; धोका मात्र भिन्न.

प्रथम काय घ्यावे?

पैसा मर्यादित असेल तर क्रम असा असावा : प्रथम योग्य शिरस्त्राण, त्याबरोबरच मानेचे साधन, मग मुदतीतील पट्टे व आसन, मग संपूर्ण ज्वालारोधक पोशाख. यांपैकी एकही नसेल तर उत्तर ‘या वेळी शर्यत नाही’ असेच असावे. इंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी राखून ठेवलेले पैसे आधी येथे खर्च करावेत. खरेदीपूर्वी त्या स्पर्धेची नियमावली वाचावी आणि चिकटविलेल्या चिठ्ठीवरील मानकाचा क्रमांक तिच्याशी ताडून पाहावा. बनावट चिठ्ठ्याही बाजारात असतात.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः गाडी बांधून ‘बाहा’ स्पर्धेत उतरतात. ही स्पर्धा २००७ पासून मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे भरू लागली. तेथे गाडी धावण्यापूर्वी तिची चौकट, पट्टे, इंजिन बंद करण्याची कळ व अग्निशामक हे सारे परीक्षक तपासतात. शर्यत आणि सार्वजनिक रस्त्यावरील धावपळ यांतील अंतर नेमके हेच आहे. बंद मार्ग, परीक्षक, रुग्णवाहिका व अग्निशामक दल यांच्यावाचून चालकाच्या अंगावरील साधने अपुरी आहेत. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. कुम्हारीच्या महामार्गावर सायकलवरून शाळेस जाणाऱ्या मुलाच्या अंगावर ना हान्स असते, ना नोमेक्स.

साधने चालकाला अजिंक्य करीत नाहीत. ती त्याला चुकीनंतर काही सेंटिमीटर आणि काही सेकंद देतात. ज्या तरुणाला या सेंटिमीटरांची व सेकंदांची किंमत गाडीत बसण्यापूर्वी कळली, तोच पुढील शर्यतीस पुन्हा येऊ शकेल.