चित्रातलं मोडकं घर

१८०० च्या सुमाराची इंग्लंडच्या खेड्यांची जलरंगातली चित्रं पाहिली, की गवताने शाकारलेलं घर हमखास दिसतं. छप्पर खचलेलं, दारात बाई, धुराड्यातून धूर. पांढरं काही दाखवायचं तर रंग लावत नसत, कागद कोराच सोडत. चित्रकारांना डागडुजी केलेल्या घरापेक्षा मोडकंच आवडे. जॉन टॉमस स्मिथ यांनी तर १७९७ मध्ये अशा घरांवर पुस्तकच काढलं. त्याच काळात तिथली गायरानं कुंपणं घालून खासगी होत होती. मग गाय चारायची कुठे, सरपण आणायचं कुठून? आम्हाला ही चित्रं आवडतातच. पण पाऊस लागला की दारातली ती बाई गळतीखाली भांडी कुठे कुठे मांडत असेल, तेच मनात येतं.