आधी विचारा, तो खातो काय?

दोन फासे टाका. समजा, बेरीज आली ६. त्यातून २ वजा केले की उरले ४. झाला एक ग्रह तयार! ४ म्हणजे सुमारे ४,००० मैल व्यासाचा, साधारण आपल्या मंगळाएवढा. याच मापाने पृथ्वीचा आकडा ८ येतो. आता पुन्हा फासे टाका. या वेळी ८ आले. त्यातून ७ वजा करायचे आणि ग्रहाचा आकडा, म्हणजे ४, मिळवायचा. उत्तर ५. ही झाली तिथली हवा: विरळ, पण श्वास घेता येईल अशी.

एवढ्याशा बेरीज-वजाबाकीत किती भौतिकशास्त्र बसवलंय बघा. ग्रह जितका लहान, तितकी हवा विरळ येण्याची शक्यता जास्त, कारण लहान ग्रहाचं गुरुत्वाकर्षण हवा धरून ठेवायला अपुरं पडतं.

हा खेळ म्हणजे 'ट्रॅव्हलर'. मार्क मिलर यांनी रचलेला हा अंतराळ-साहसांचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम 1977 साली अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने काढला. एका खोक्यात काळ्या मुखपृष्ठाच्या तीन छोट्या पुस्तिका, बस्स. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण रेफरी होतो आणि जग उभं करतो, बाकीचे त्या जगातली पात्रं होतात. काय करायचं ते बोलून ठरतं, आणि जिथे निकाल नशिबावर सोडायचा तिथे फासे पडतात.

माझा जीव जडला तो तिसऱ्या पुस्तिकेतल्या प्राण्यांच्या पानांवर. परग्रहावरचा प्राणी म्हटलं की आपण आधी डोळे किती, शेपट्या किती, रंग कुठला ते ठरवायला बसतो. ही पुस्तिका आधी विचारते: तो खातो काय, आणि ते मिळवतो कसं? शाकाहारी, सर्वाहारी, मांसाहारी आणि दुसऱ्याच्या शिकारीवर जगणारे असे चार मोठे गट, आणि त्यांत पोटभेद. मांसाहाऱ्यांमध्ये झडप घालणारे आहेत, पाठलाग करणारे आहेत, सापळा लावून बसणारे आहेत आणि भूल पाडून सावज जवळ ओढणारेही आहेत.

वाचताना आपल्याच ओळखीची जनावरं डोळ्यांसमोर येतात. झडप घालणारा म्हणजे बिबट्या. पाठलाग करणारे म्हणजे टोळीने सावजाला दमवणारे कोळसुंदे. अंधाऱ्या समुद्रात कपाळावरचा दिवा लुकलुकवत मासे बोलावणारा अँग्लरफिश तर भूल पाडणाऱ्यांचा राजाच. ग्रह कुठलाही असो, पोट भरायचे धंदे असे मोजकेच!

आणि या धंद्यातूनच प्राण्याचा स्वभाव ठरतो. नियम सांगतो की झडप घालणारा प्राणी तुम्हाला बेसावध गाठलं तरच हल्ला करतो. उलट तुम्हीच त्याला दचकवलं तर तो पळ काढतो. पाठलाग करणारे त्यांची संख्या तुमच्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच अंगावर येतात. रेफरीला प्राण्याच्या मनात शिरायची गरज उरत नाही. भूक कळली की वागणं कळतं.

हाच धागा बुद्धिमान जातींपर्यंत नेला की काय होतं, ते याच खेळातल्या क'क्रींकडे पाहून समजतं. चार पाय आणि दोन हात असलेले हे जीव कळपाने चरणाऱ्या शाकाहारी पूर्वजांचे वंशज. कळपातलं जनावर एकटं पडलं की कावरंबावरं होतं, म्हणून क'क्री कधी एकटा प्रवासाला निघत नाही. सोबत सगळं गणगोत असतं. पूर्वज मोकळ्या माळावर वाढले, त्यामुळे बंद जागेत त्यांचा जीव घुसमटतो. म्हणून त्यांची यानं अवाढव्य, आणि आत खोल्यांऐवजी मोठमोठ्या मोकळ्या जागा. मांस खाणाऱ्यांचा त्यांना मनापासून तिटकारा. त्यांच्याशी तहाची बोलणी करायला निघालेल्या खेळाडूंना आधी आठवावं लागतं की आपल्या पात्राने शेवटचं मटण कधी खाल्लं होतं! गवत खाण्यापासून निघालेली रेघ यानाच्या नकाशापर्यंत आणि राजकारणापर्यंत सरळ येऊन पोचते.

किंवा याच खेळातले सिंहासारखे दिसणारे अस्लान घ्या. त्यांच्या पुरुषांना ध्यास जमिनीचा; पैसा आणि व्यापार सांभाळतात बायका. आता तुमच्या टोळीत एक अस्लान योद्धा आहे आणि अंतराळ-बंदराचं भाडं भरायचंय. तो पैशांच्या भानगडीत पडणार नाही. मग सौदा कोण करणार? एका प्रश्नातून अख्खी संध्याकाळ रंगते.

म्हणून अशा खेळांसाठी निघणारी परग्रहवासीयांची पुस्तकं निवडताना आपल्याला काय हवंय ते आधी ठरवावं. एक प्रकार कोशासारखा. 'स्टारफाइंडर' या खेळाचं 2017 मधलं 'एलियन आर्काइव्ह' तसं आहे: पुष्कळ जीव, प्रत्येकाला थोडी जागा, आकडे तयार. आज रात्रीच खेळ मांडायचा असेल तर हे हाताशी हवं. दुसरा प्रकार एकाच जातीत खोल उतरणारा. 'ट्रॅव्हलर'साठी 1984 ते 1987 या काळात अशी आठ पुस्तकं निघाली, पहिलं अस्लानांवर. वर्षभर चालणाऱ्या मोहिमेला असं एक पुस्तक पुरून उरतं.

पुस्तक चाळताना एक करून पाहा. कुठलंही पान उघडा, चित्रावर हात ठेवा आणि फक्त मजकूर वाचा. तो जीव काय खातो, पिल्लं कशी वाढवतो, कशाला घाबरतो, हे कळतंय का? कळत असेल तर त्याच्या तोंडी संवाद आपोआप येतील. आणि निळ्या कातडीचा माणूसच उरत असेल, तर पान उलटा. सुरुवातीला एकच जात घ्या. दहा जाती एकदम आणल्या की त्यांचे नुसते मुखवटे होतात. एकीच्या सहवासात राहिलं की तिच्या डोळ्यांनी माणूस कसा दिसतो तेही उमगायला लागतं.

आता आपल्या त्या ४ आकड्याच्या ग्रहाकडे परत येऊ. गॅलिलिओने 1638 मध्येच दाखवलं होतं की शरीर दुप्पट मोठं झालं तर वजन आठपट होतं, पण हाडांची ताकद चौपटच वाढते. आपल्या ग्रहावर ओढच कमी. म्हणजे तिथलं मोठं जनावरही काटकुळ्या पायांवर चालू शकेल. विरळ हवेसाठी छाती मात्र भात्यासारखी लागेल. सावली लांब पडते आहे, श्वासाचा आवाज दुरून येतो आहे. उचला फासे. तिथे चरतंय कोण, आणि त्याच्यावर टपून बसलंय कोण?